वैमानिककक्ष व वैयक्तिक इलेक्ट्रॉनीय साधने

वैमानिककक्ष व वैयक्तिक इलेक्ट्रॉनीय साधने : विमानाच्या मूळ यंत्रसामग्रीचा भाग नसलेली, वैमानिकाने स्वतःजवळ बाळगलेली इलेक्ट्रॉनीय साधने त्याने वैमानिककक्षात म्हणजे कॉकपिटमध्ये वापरावीत की नाहीत, आणि वापरावयाची झाल्यास कोणत्या कामासाठी व केव्हा, हा नागरी विमान वाहतुकीच्या नियमनातील दीर्घकाळ चाललेला प्रश्न आहे. सुवाह्य रेडिओ, गणकयंत्र, भ्रमणध्वनी, लॅपटॉप संगणक व टॅब्लेट ही अशी साधने होत. या प्रश्नाचा इतिहास सुमारे साठ वर्षांचा आहे. आरंभी या साधनांतून निघणाऱ्या रेडिओ तरंगांची भीती वाटत होती, कालांतराने वैमानिकाचे चित्त विचलित होण्याची भीती प्रमुख ठरली. ही दोन्ही भये परस्परांहून अगदी भिन्न असली, तरी नियम करताना त्यांची बरीच सरमिसळ झालेली आढळते.

वैमानिकाने स्वतःची साधने बरोबर नेण्याची प्रथा इलेक्ट्रॉनिकीपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत टपालाची विमाने चालविणारे एल्‍रे जेपेसन हे मार्गातील टेकड्या, तारांचे खांब, उतरण्याजोगी शेते यांची टिपणे एका लहान वहीत करून ठेवीत. इतर वैमानिक ती मागू लागले, तेव्हा १९३४ मध्ये त्यांनी त्यांची विक्री सुरू केली. पुढे जगभर प्रचारात आलेल्या जेपेसन नकाशांचा उगम या वहीत आहे. वेग, अंतर व वाऱ्याचा परिणाम यांचे गणित करण्यासाठी वैमानिक एक वर्तुळाकार गणनपट्टी वापरीत, तीही बहुधा त्यांच्या मालकीचीच असे. नकाशे, विमानाच्या माहितीपुस्तिका व गणनपट्टी यांनी भरलेली जाड चामडी पेटी ही वैमानिकाची ओळखच बनली होती. या वस्तूंना कोणी कधी आक्षेप घेतल्याचे दिसत नाही. त्या कामाच्या होत्या, आणि कामापलीकडे त्यांचा काही उपयोगही नव्हता.

रेडिओचे तसे नव्हते. १९५० नंतरच्या दशकात ट्रँझिस्टरचे लहान रेडिओ बाजारात आले आणि प्रवासी ते विमानात घेऊन बसू लागले. कंप्रता विरूपण म्हणजे एफएम पद्धतीचे प्रक्षेपण ८८ ते १०८ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात होते. ते ग्रहण करणाऱ्या नेहमीच्या रेडिओत एक स्थानिक आंदोलक असतो व तो ऐकावयाच्या कंप्रतेपेक्षा १०·७ मेगॅहर्ट्‌झने अधिक कंप्रतेचे आंदोलन निर्माण करतो. एखादा श्रोता १०० मेगॅहर्ट्‌झवरील केंद्र ऐकत असेल, तर त्याच्या हातातील रेडिओमध्ये ११०·७ मेगॅहर्ट्‌झचा क्षीण तरंग उत्पन्न होत असतो व त्याचा काही अंश बाहेरही पडतो. विमानांना दिशा दाखविणाऱ्या जमिनीवरील सर्वदिशी रेडिओ दीपांना म्हणजे व्हीओआर केंद्रांना १०८ ते ११८ मेगॅहर्ट्‌झ हाच पट्टा नेमून दिलेला आहे. म्हणजे जो केवळ ग्राही समजला जात होता, तो नकळत एक लहानसा प्रेषकही होता आणि तो विमानाच्या आकाशकांपासून काही मीटरांवरच ठेवलेला असे. १९६१ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमानचालन संस्थेने या दीपांच्या साहाय्याने मार्गक्रमण चालू असताना विमानात सुवाह्य एफएम ग्राही चालविण्यास बंदी केली.

पुढे ही बंदी सर्वच सुवाह्य इलेक्ट्रॉनीय साधनांना लागू करण्यात आली. तिच्यातून सुवाह्य ध्वनिमुद्रक, श्रवणयंत्र, हृदयाचा गतिकारक व विजेवर चालणारे दाढीचे यंत्र यांना सूट मिळाली. याखेरीज जे साधन उपद्रवकारक नाही असे विमान कंपनी स्वतः ठरवील, तेही वापरता येईल अशी तरतूद होती. दाढीच्या यंत्राचा उल्लेख आज गमतीचा वाटतो, परंतु त्यावरून नियमाची दृष्टी स्पष्ट होते. साधनातून कोणते तरंग बाहेर पडतात एवढेच पाहिले जात होते. ते प्रवाशाच्या हातात आहे की वैमानिकाच्या, आणि त्या वेळी वैमानिकाचे लक्ष कोठे आहे, हे प्रश्न नियमाच्या कक्षेत नव्हते.

भ्रमणध्वनी आल्यावर हीच दृष्टी पुढे चालू राहिली. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९१ मध्ये उडत्या विमानातून भ्रमणध्वनीचा वापर निषिद्ध केला, तो मुख्यतः जमिनीवरील जाळ्याच्या रक्षणासाठी, कारण उंचावरील दूरध्वनी एकाच वेळी अनेक मनोऱ्यांना दिसतो व त्यांच्या कामात अडथळा येतो. विमानाच्या उपकरणांवर होणाऱ्या परिणामाचे पुरावे मात्र तुटकच राहिले. न्यूझीलंडमध्ये ६ जून २००३ रोजी पामर्स्टन नॉर्थहून क्राइस्टचर्चला आलेले एक लहान भाडोत्री विमान धुक्यात धावपट्टीच्या अलीकडे झाडांवर आदळून दहापैकी आठ जण मरण पावले. अखेरच्या सुमारे तीन मिनिटांत वैमानिकाचा स्वतःचा भ्रमणध्वनी चालू होता. अवतरणाचा उतार दाखविणाऱ्या दर्शकावर त्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता चौकशी आयोगाने नमूद केली. तसे झाले की नाही हे सिद्ध करता आले नाही. वैमानिक एकटाच होता, उंचीमापकाकडे त्याचे लक्ष राहिले नाही हे मात्र निश्चित होते. तरंगांचा प्रश्न आणि लक्षाचा प्रश्न येथे एकाच अपघातात समोरासमोर आले.

प्रवाशांच्या बाबतीत तरंगांचे भय पुढे बरेच ओसरले. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेने व त्यानंतर लवकरच यूरोपने उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत प्रवाशांना साधने वापरू देण्याची वाट मोकळी केली. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१४ मध्ये, प्रेषण बंद ठेवण्याच्या अटीवर, तशीच सवलत दिली. तथापि हे भय निराधार होते असे म्हणता येणार नाही. बोइंग ७३७ व ७७७ जातींच्या काही विमानांतील दर्शकपडदे विशिष्ट वाय-फाय तरंगांमुळे कोरे पडू शकतात असे चाचण्यांत आढळल्यावरून, ते बदलण्याचा आदेश अमेरिकेने २०१४ मध्येच काढला होता.

चित्तविक्षेपाचा विचार वेगळ्या मार्गाने आला आणि त्याच्या मुळाशी इलेक्ट्रॉनीय साधन नव्हते. ११ सप्टेंबर १९७४ रोजी सकाळी ईस्टर्न एअरलाइन्सचे डीसी-९ विमान नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे धुक्यात उतरताना धावपट्टीपूर्वीच कोसळले. विमानातील ८२ जणांपैकी ७० हून अधिक दगावले. ध्वनिमुद्रणावरून असे दिसले की, उतरण्याच्या ऐन वेळी दोघे वैमानिक राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत नाना विषयांवर गप्पा मारीत होते. यातून १९८१ मध्ये ‘निर्विक्षेप वैमानिककक्षा’चा नियम झाला. विमान जमिनीवर धावत असताना, उड्डाण व अवतरण करताना, तसेच १०,००० फुटांखाली असताना कामाशी संबंध नसलेले संभाषण, भोजन आणि वाचन निषिद्ध ठरले. नियमात वृत्तपत्रादी वाचनाचा उल्लेख आहे, इलेक्ट्रॉनीय साधनाचा नाही. शिवाय १०,००० फुटांवरील संथ मार्गक्रमणाचा काळ त्याने मोकळाच ठेवला. त्या काळात वैमानिक वर्तमानपत्र चाळतात किंवा शब्दकोडी सोडवितात, हे सर्वांना ठाऊक होते व त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नव्हते.

या मोकळ्या काळात काय घडू शकते, हे २१ ऑक्टोबर २००९ रोजी दिसून आले. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे १८८ क्रमांकाचे उड्डाण १४४ प्रवाशांसह सॅन डिएगोहून मिनीॲपोलिसकडे निघाले होते. स्वयंचलित चालक यंत्रणा विमान नेत होती. नॉर्थवेस्टचे डेल्टा कंपनीत विलीनीकरण झाल्यामुळे वैमानिकांच्या पाळ्या ठरविण्याची पद्धत बदलली होती. ती सहवैमानिक आपल्या वरिष्ठास समजावून सांगत होता व त्यासाठी दोघांनीही आपापले लॅपटॉप उघडले होते. एक तासाहून अधिक काळ नियंत्रकांच्या हाकांना उत्तर मिळाले नाही. विमान इच्छित स्थळावरून ३७,००० फुटांवरून निघून गेले आणि शंभर मैलांहून अधिक पुढे गेले. लढाऊ विमाने सज्ज ठेवण्यात आली. विमान केव्हा पोहोचेल असे परिचारिकेने अंतर्गत दूरध्वनीवरून विचारले, तेव्हा वैमानिकांना आपल्या स्थितीचे भान आले. विमान परत वळून सुखरूप उतरले व कोणालाही इजा झाली नाही. थोड्याच दिवसांत दोघांचेही परवाने रद्द करण्यात आले.

या घटनेचे मर्म लॅपटॉपमध्ये शोधण्याची घाई त्या वेळी झाली. बारकाईने पाहिल्यास काही गोष्टी वेगळ्या दिसतात. दोघेही अनुभवी होते आणि त्यांच्या कंपनीचा लॅपटॉपविरोधी नियम त्यांना लागू होताच. चर्चेचा विषय करमणुकीचा नव्हता, त्यांच्या नोकरीचाच होता. पण वर्तमानपत्र व लॅपटॉप यांतील एक फरक येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. वर्तमानपत्र वाचणाऱ्याची नजर पान उलटताना, घडी घालताना वर जाते. पडद्यावरचे काम माणसाकडून सतत उत्तर मागते आणि एका खिडकीतून दुसरी उघडत जाते. दोघेही एकाच पडद्यात गुंतले, की परस्परांवर नजर ठेवण्याची जी दोन वैमानिकांची व्यवस्था आहे, ती त्या वेळेपुरती संपुष्टात येते. परवान्यांविषयीची कारवाई कठोर वाटली, तरी १४४ प्रवाशांच्या बाजूने पाहता ती अनाठायी म्हणता येत नाही.

त्याच वर्षी १२ फेब्रुवारीस बफलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले होते. उड्डाणापूर्वी विमान धावपट्टीकडे जात असताना सहवैमानिकाने भ्रमणध्वनीवरून संदेश पाठविल्याचे चौकशीत निघाले. अपघाताचे ते कारण नव्हते, पण शिस्त किती ढिली झाली आहे याचे ते द्योतक मानले गेले. आदल्या वर्षी, १२ सप्टेंबर २००८ रोजी, कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे संदेश पाठविण्यात गुंतलेल्या चालकाची आगगाडी मालगाडीवर आदळून २५ जण ठार झाले होते. या घटनांच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या काँग्रेसने २०१२ मध्ये कायदा केला व त्यानुसार २०१४ मध्ये नियम अंमलात आला. विमान स्वतःच्या शक्तीने हलू लागल्यापासून ते उतरून थांबेपर्यंत, आपल्या जागी बसलेल्या वैमानिकाने वैयक्तिक बिनतारी संदेशवहन साधन किंवा लॅपटॉप वापरू नये, असे त्यात सांगितले आहे. मार्गक्रमणाचा मोकळा काळ प्रथमच नियमाखाली आला. मात्र विमान चालविण्याशी प्रत्यक्ष संबंधित काम, आणीबाणी, सुरक्षितता व नोकरीसंबंधीचे संदेशवहन यांचा अपवाद, कंपनीच्या मान्यताप्राप्त कार्यपद्धतीच्या अधीन राहून, ठेवण्यात आला. ज्या घटनेमुळे हा नियम झाला, तिच्यातील वैमानिक नोकरीच्या पाळ्यांचीच चर्चा करीत होते, हे लक्षात घेतले असता अपवादाची शब्दयोजना विचित्र वाटते. कामाचा विषय आणि कामाची वेळ या दोन गोष्टी नियमकर्त्यांनी पुरेशा वेगळ्या केल्या नाहीत, असेच म्हणावे लागते.

कायदा आकार घेत असतानाच वैमानिककक्षात पडद्यांना राजमान्यता मिळत होती. कागदी नकाशांऐवजी इलेक्ट्रॉनीय दप्तर वापरण्याविषयी अमेरिकेने २००२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. ॲपल कंपनीचा आयपॅड २०१० मध्ये बाजारात आला आणि डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत तो वापरण्याची अनुमती मिळाली. सुमारे १६ किग्रॅ. वजनाची पेटी गेली, इंधनाची बचत झाली आणि नकाशांची जुनी पाने काढून नवी घालण्याचे कंटाळवाणे काम संपले. कालबाह्य नकाशा हातात राहण्याचा धोका कमी झाला, हा लाभ सर्वांत मोठा होय. कंपनीने दिलेला टॅब्लेट व वैमानिकाने स्वतः विकत घेतलेला टॅब्लेट हे आता एकाच जातीचे यंत्र झाले. एक आवश्यक व दुसरा निषिद्ध ठरला, तो केवळ पडद्यावर काय चालू आहे यावरून.

आवश्यक साधनही निर्धोक नसते. १४ ऑक्टोबर २००४ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे एमके एअरलाइन्सचे बोइंग ७४७ मालवाहू विमान उड्डाण करताना कोसळून आतील सातही जण मरण पावले. उड्डाणाचा वेग व एंजिनांचा जोर यांचे गणित करणाऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये आधीच्या फेरीचे कमी वजन तसेच राहिले होते, आणि दीर्घ पाळीने थकलेल्या वैमानिकांच्या ते ध्यानात आले नाही. मेलबर्न येथे २० मार्च २००९ रोजी एमिरेट्सच्या एअरबस ए३४० विमानाबाबत ३६२·९ टनांऐवजी २६२·९ टन असा आकडा लॅपटॉपमध्ये भरला गेला. एका अंकाच्या चुकीने शंभर टनांचा फरक पडला. विमानाचे शेपूट धावपट्टीवर घासले, ते कसेबसे वर चढले व परतून सुखरूप उतरले. या दोन्ही प्रसंगी यंत्राने आपले काम बिनचूक केले होते. पूर्वी वैमानिक तक्त्यांवरून बोट फिरवून आकडे काढीत, तेव्हा आकड्यांचा अंदाज त्यांच्या अंगवळणी पडत असे. पडद्याने दिलेल्या उत्तराबाबत तसा संशय सहसा येत नाही. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या टॅब्लेटमधील नकाशांचा कार्यक्रम वॉशिंग्टनच्या एका विमानतळाच्या नकाशाची नोंद दुबार झाल्यामुळे बंद पडला आणि अनेक उड्डाणे खोळंबली. कागदी नकाशे सगळ्या वैमानिकांच्या हातून एकाच दिवशी नाहीसे होण्याचा संभव नव्हता.

खाजगी साधनांनी घडविलेल्या घटनाही याच काळातील आहेत. २७ मे २०१० रोजी जेटस्टारचे विमान सिंगापूरला उतरत असताना कप्तानाच्या चालू राहिलेल्या भ्रमणध्वनीवर संदेश येऊ लागले. तो बंद करण्याच्या खटाटोपात विमान हजार फुटांखाली आले, तरी चाके खाली आलेली नव्हती. अवतरण सोडून त्यांना पुन्हा वर जावे लागले. २६ ऑगस्ट २०११ रोजी मिसूरी राज्यात इंधन संपून कोसळलेल्या रुग्णवाहू हेलिकॉप्टरमध्ये चौघे मरण पावले. वैमानिकाचे खाजगी संदेशवहन हे त्यामागील एक साहाय्यक कारण असल्याचा निष्कर्ष राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. ९ फेब्रुवारी २०१४ ची ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानाची घटना तर निराळ्याच प्रकारची आहे. कप्तानाचा कॅमेरा आसनाच्या हातटेकूत व नियंत्रकदंडात अडकला, आसन पुढे सरकताच दंड दाबला गेला व विमान ४,४०० फूट खाली आले. तेथे तरंगांचा प्रश्न नव्हता आणि लक्षाचाही नव्हता, केवळ एक वस्तू नको त्या जागी होती.

साधनांच्या बाजूने केला जाणारा एक युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. स्वयंचलित यंत्रणेमुळे लांबच्या प्रवासात वैमानिकाला तासन्‌तास केवळ पाहत बसावे लागते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एकाच काट्याकडे पाहत राहणाऱ्या माणसाची दक्षता पहिल्या अर्ध्या तासातच घटते, असे दाखवून दिले होते. मन रिकामे ठेवल्यास ते भटकते किंवा पेंगते, मग थोडे वाचन काय वाईट, असे अनेक वैमानिक म्हणतात. यातील निदान खरे असले, तरी उपाय पटण्यासारखा नाही. पेंगणाऱ्या वैमानिकाला रेडिओवरील हाक जागे करू शकते. नॉर्थवेस्टचे दोघे वैमानिक जागेच होते आणि त्यांना कित्येक हाका ऐकू आल्या नाहीत. कंटाळ्यावर उतारा शोधावयाचा, तर तो पाळ्यांच्या रचनेत आणि दोघांनी आळीपाळीने लक्ष ठेवण्याच्या शिस्तीत शोधणे अधिक युक्त ठरेल.

मुंबईहून ब्रुसेल्सला निघालेल्या जेट एअरवेजच्या बोइंग ७७७ विमानाच्या बाबतीत ८ ऑगस्ट २०१४ रोजी हाच प्रश्न उभा राहिला. तुर्कस्तानवरून जाताना विमान नेमून दिलेल्या ३४,००० फुटांवरून सुमारे ५,००० फूट खाली आले. अंकारा येथील नियंत्रकांनी विचारणा केल्यावर ते वैमानिकांच्या ध्यानात आले. भारतीय नियमांत मुभा असल्याप्रमाणे कप्तान आसनावरच नियंत्रित विश्रांती घेत होता. सहवैमानिक टॅब्लेटवर काम करीत होती, आणि तो टॅब्लेट उड्डाणाचे इलेक्ट्रॉनीय दप्तरच होता. महासंचालनालयाने दोघांनाही निलंबित केले. खाजगी साधनावरील कोणतीही बंदी अशा प्रसंगी लागू पडली नसती. दुसरी अडचण पुराव्याची आहे. वैमानिककक्षातील ध्वनिमुद्रकावर आवाज उमटतात, पडद्यावर काय चालले होते ते उमटत नाही. नॉर्थवेस्टच्या विमानातील जुन्या ध्वनिमुद्रकावर तर शेवटची तीस मिनिटेच शिल्लक होती. लॅपटॉप उघडे असल्याचे तपास अधिकाऱ्यांना समजले, ते वैमानिकांनी स्वतः सांगितले म्हणून.